जोडीचा भाव

२ जानेवारी १९७८, सोमवार
गिरणीकडून नवी डायरी आली. यंदा रोज लिहिणार. संकल्प: चहा दिवसाला दोनच. पोट कमी. आणि विमानात बसणे.

शेवटच्याचं कारण लिहून ठेवतो. माझ्या दुकानासमोरच्या चनबसप्पाने त्याच्या दुकानात गल्ल्याच्या वर फोटो लावलाय. तो आणि त्याची बायको, विमानाच्या शिडीवर. बायकोने हात हलवलाय, चनबसप्पाने पोट आत घेतलंय. गिऱ्हाईक माझ्याकडे शिरता शिरता फोटो बघतं आणि तिकडं वळतं. चादर त्याची पण सोलापुरी, माझी पण सोलापुरी. पण उडून आलेल्या माणसाची चादर जास्त ऊब देते की काय, देव जाणे.

मला हेवा नाही. फक्त मीही बसणार. मुंबईहून बंगलोरला. एकटा. शिडीवर एकटा माणूस जास्त रुबाबदार दिसतो.

४ जानेवारी, बुधवार
रज्जाककडे गेलो. नवी पेठेतच, जिना चढून वर. आधी टूरिस्ट गाड्या आणि हजच्या जहाजाची बुकिंगं करायचा, आता विमानाचीही करतो. भिंतीवर विमानाचं कॅलेंडर.

त्याने भाव सांगितला. मी म्हणालो, चनबसप्पाला एवढा पडला नव्हता. रज्जाक म्हणाला, हौ शेठ, पण ते जोडीने गेले. नवऱ्याचं पूर्ण तिकीट, बायकोचं अर्धं, कंपनीचं कन्सेशन हाय. मी विचारलं, मग एकट्याला काय कन्सेशन? त्याने कॅलेंडरकडे बघून थोडा विचार केला. म्हणाला, एकट्याला खिडकी मिळती.

म्हणजे मी एकच खुर्ची अडवणार, विमानात वाटतात ती गोळी एकच चघळणार, आणि पैसे भरणार पूर्ण. चनबसप्पाची बायको माझ्या जिवावर अर्ध्यात उडणार. बॅचलर लोकांवर हा सरळसरळ अन्याय आहे. मी चिडलो वगैरे नाही. जिना उतरल्यावर कळलं की एक चप्पल रज्जाकची घातली होती, एवढंच.

५ जानेवारी, गुरुवार
विमान कंपनीला इंग्लिशमधून कडक पत्र टाकलं. 'सिंगल मॅन इज ऑल्सो मॅन' हे वाक्य विशेष जमलंय.

दुपारी कॉलेजचे एक नवे प्रोफेसर आले. खोली घेऊन एकटेच राहतात. चादर एकच पाहिजे म्हणाले. मी सांगितलं, आमच्याकडे जोडी असते, सुट्टी नेली तर भाव वेगळा लागतो. एकट्या माणसाला जास्त का, म्हणून वाद घालायला लागले. मी शांतपणे समजावलं, तुम्ही एक नेता, तिची जोडीदारीण माझ्या फळीवर बसून राहते, तिला कोण विचारणार? धंद्याचं तत्त्व आहे. ते नुसतेच निघून गेले. शिकल्यासवरल्या लोकांना साधी गोष्ट कळत नाही. आमचा जुना नोकर तिप्पण्णा माझ्याकडे जरा वेळ बघत होता. का, ते कळलं नाही.

चहा पाच. पत्रामुळे.

९ जानेवारी, सोमवार
बहीण चालेल का, म्हणून रज्जाकला विचारलं. चालत नाही. तरी अक्काला विचारलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण रत्नम्मा. भावोजी गेल्यापासून इथंच असते, घर तिच्याच हुकमावर चालतं. ती म्हणाली, मधी थांबवून उतरता येत न्हाई असल्या गाडीत मी बसत नसते.

आणि लगेच संधी साधून मोहोळचं स्थळ काढलं. हेमावती. अक्काच्या सासरच्या नात्यातली, तिथल्या शाळेत मास्तरीण, लग्न राहून गेलेलं. हे स्थळ अक्का दर संक्रांतीला काढते. दर वेळी मी सांगतो की लग्न हा माझा विषय नाही. आपल्या सिद्धरामेश्वरांनी तरी कुठं केलं? कुंभाराच्या लेकीने हट्टच धरला तेव्हा तिचं आपल्या योगदंडाशी लावून दिलं. अक्का म्हणाली, ते सिद्धरामेश्वर होते की. तू चादरी विकतोस.

यंदा मात्र मी लगेच नाही म्हणालो नाही. जरा कमर्शियल अँगलने विचार करतोय.

१२ जानेवारी, गुरुवार
मोहोळला जाऊन आलो. उधारीवसुलीचं काम होतं. वाटेत तिचं घर लागलं. म्हणजे वाट थोडी वाकडी केली.

हेमावती बोलायला सरळ. चहा बशीत न ओतता कपातूनच पिते, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसते. आमच्या घराण्यात असं कोणी नाही. मी विमानाचा विषय काढला. बंगलोर म्हणताच तिचे डोळे चमकले. किती वेळ लागतो, खिडकी मागून मिळते का, ढगात गेल्यावर खाली काय दिसतं, सगळं विचारलं. मी आत्तापर्यंत पाच-सहा वेळा गेल्यासारखी उत्तरं दिली.

मला ती आवडली वगैरे काही नाही. प्रश्न फक्त कन्सेशनचा आहे. परतताना एस.टी.त उभं राहावं लागलं, ते घरी आल्यावर लक्षात आलं.

वसुली राहिलीच.

१५ जानेवारी, रविवार
सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला हेमावती आली होती. अक्काने मुद्दाम बोलावलेलं. मी विमानाची प्रॅक्टिस म्हणून आकाशपाळण्यात बसायचं ठरवलं. तर पाळणावाला म्हणतो, पाळणा दोघांचा हाय, एकटं बसायचं तर दोघांचं पैसे द्या, न्हाईतर जोडीदार येईस्तोवर थांबा. इथंही तेच. सगळ्या जगाने एकट्या माणसाविरुद्ध युनियन केली आहे. मी बराच वाद घातला. मागच्या लोकांनी आरडाओरडा केल्यावर दोघांचे पैसे भरले.

वर गेल्यावर सोलापूर छान दिसलं असावं. मी डोळे मिटून एकाग्रता करत होतो. खाली उतरल्यावर थोडी मळमळ झाली. भज्यांचं तेल खराब होतं.

मग हेमावती गेली. तिने वाद न घालता दोघांचे पैसे दिले, पाळण्यात मधोमध बसली, आणि वर गेल्यावर मोठ्याने हसली. अख्ख्या गड्ड्यावर ऐकू आलं असेल. माझ्याकडे बघूनच हसली. एवढ्या उंचीवरून नेमकं कोणाकडे ते सांगता येत नाही म्हणा, पण मी बरोबर खाली उभा होतो.

अक्का म्हणाली, एकदा तोंड उघडून विचार की तिला. मी म्हणालो, या गोष्टी बोलायच्या नसतात, समजायच्या असतात.

२१ जानेवारी, शनिवार
आज ती स्वतः दुकानात आली. तिप्पण्णाने फळीवरचा निम्मा माल खाली ओढला. तिला मोराची निळी चादर पसंत पडली. म्हणाली, ही एक द्या. तिप्पण्णा म्हणाला, बाई, जोडी असती. ती म्हणाली, मला एकच लागते.

मी सूचक बोललो. म्हणालो, आमच्याकडे जोडी मोडत नाहीत, दोन्ही घेऊन ठेवा, दुसरी लवकरच उपयोगी पडेल. हे वाक्य मी सकाळपासून तयार केलं नव्हतं, आपोआप सुचलं. ती माझ्याकडे बघून जरा थांबली, मग बघते म्हणाली आणि गेली.

समजली. आता एकीचे पैसे कशाला भरेल?

२४ जानेवारी, मंगळवार
रज्जाककडे दोन जागा धरून ठेवायला सांगितल्या. अठरा फेब्रुवारी, शनिवार. नवरा-बायको कन्सेशन. त्याने बायकोचं नाव विचारलं. मी सांगितलं, सौ. हेमावती विरुपाक्ष. तो पेन थांबवून म्हणाला, मुबारक शेठ, कधी झालं? मी म्हणालो, नाव आधी लिही, लग्न मागाहून. तो म्हणाला, कंपनी उलटं मागती, शेठ. आधी लग्न, मग तिकीट. मी म्हणालो, आत्ता फक्त धरून ठेव, कागद आणून देतो.

हेमावतीला सांगितलं नाही. तिकिटं हातात ठेवून एकदम सरप्राइज देणार.

नवी सुटकेस घेतली. मोठी. दोघांचे कपडे मावतील अशी. अक्काला सांगितलं, मोठीच शिल्लक होती.

१ फेब्रुवारी, बुधवार
विमान कंपनीचं उत्तर आलं. छापील आहे. वर टाइप केलंय, 'श्री. व सौ. विरुपाक्ष'. आमच्या जोडप्यांसाठीच्या सवलतीत रस दाखवल्याबद्दल आभार, आपणा उभयतांना प्रवासाच्या शुभेच्छा.

माझ्या कडक पत्रातलं एक अक्षर वाचलेलं नाही. पहिल्यांदा राग आला. मग 'उभयतां' हा शब्द परत वाचला. मग आणखी एकदा वाचला. शब्द चांगला आहे. पत्र शर्टाच्या खिशात ठेवलंय.

चहा दोनच. बाकीचे कोणी विचारले नाहीत.

४ फेब्रुवारी, शनिवार
लिहू नये असं वाटतंय. पण रोज लिहिणार म्हणालो होतो. (मधले बरेच दिवस राहिले, ते स्टॉकटेकिंगमुळे.)

दुपारी हेमावती दुकानात आली. आधी रज्जाककडे जाऊन आली होती. तिला बंगलोरला शिक्षकांचा वर्षभराचा कोर्स मिळालाय. मोहोळला तिचे डोळे चमकले ते त्या बंगलोरसाठी. रज्जाककडे तिकीट काढायला गेली, तर नाव ऐकून त्याने मुबारकबाद दिली आणि म्हणाला, बाई, तुमचं अर्धं तर शेठनी कधीचंच धरून ठेवलंय.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला बोलता येतं. तिने तिप्पण्णाने दिलेल्या खुर्चीवर बसून शांतपणे विचारलं, मी हो कधी म्हणाले? मी म्हणालो, तुम्ही पाळण्यात हसलात. ती म्हणाली, पाळण्यात कोणीही हसतं.

मी म्हणालो, अर्ध्या तिकिटात जाल, यात तुमचाच फायदा आहे. त्यावर ती म्हणाली की अर्धं तिकीट पोराबाळांचं असतं, मी अख्खी बाई आहे. चार वर्षं पगारातून बाजूला टाकून तिने पैसे जमवलेत, एकटीला जास्त पडतात हे माहीत असून जमवलेत. जन्मात एकदा उडायचं ते कोणाची तरी सौ. म्हणून सवलतीत नको, असं म्हणाली.

तेव्हा मी खरं काय ते बोलायला पाहिजे होतं. की कन्सेशनचं मेलं मला काही नाही. की तुम्ही गेलात तर मला मोहोळची वाट वाकडी करायला कारण उरणार नाही, आणि मला ते फार लागेल. हे सगळं घशापर्यंत आलं होतं. तोंडातून निघालं, चादर निळीच देऊ का?

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. अजून काही येतंय का, असं. मग म्हणाली, हो, निळीच. एक. हॉस्टेलात खाट एकच आहे.

मी जोडी मोडली. वडिलांच्या वेळेपासून पहिल्यांदा. तिने भाव विचारला, तर जोडीच्या निम्मा सांगितला. तिप्पण्णाला ठसका लागला. तिने पैसे मोजून ठेवले आणि पायरी उतरताना म्हणाली की तुम्ही माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याचं उत्तर तुम्हीच देऊन टाकता.

६ फेब्रुवारी, सोमवार
बरंच झालं. लग्नात खर्च किती. शिवाय मास्तरणीच्या हाताखाली राहणं मला जमलं नसतं. शिवाय थंडीत निर्णय घेऊ नयेत.

रज्जाककडे जाऊन दोन्ही जागा सोडल्या. त्याने या वेळी माझ्या दोन्ही चपला आठवणीने माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाला, शेठ, बाई अठरालाच चालल्यात, त्याच विमानाची एक शिल्लक हाय, पूर्ण भावात, खिडकीची. मी म्हणालो, एकट्याला पूर्ण भाव हे माझ्या प्रिन्सिपलविरुद्ध आहे. कंपनीवर बहिष्कार. तो म्हणाला, हौ. आणि चहा पाजला.

सुटकेस माळ्यावर.

१८ फेब्रुवारी, शनिवार
ती आज गेली. सकाळी जरा गच्चीवर उभा होतो. चादरींना ऊन दाखवायचं होतं. मुंबई-बंगलोरचं विमान सोलापूरवरून जात नाही, हे मला माहीत आहे. चनबसप्पाने खालून विचारलं, वर काय बघताय? हवा, म्हणालो. मग त्याने माझा फोटो कधी लागणार विचारलं. बहिष्काराबद्दल सांगितलं. त्याला समजलं नाही.

दुपारी ते प्रोफेसर परत आले. थंडीत अजून तसेच झोपतात म्हणे. तिप्पण्णाने खुशीत ती उरलेली निळी काढली आणि सांगितलं, सुट्टी हाय, निम्म्या भावात, आता आमच्यात तसंच हाय. मी मध्येच म्हणालो, ती विकली गेली आहे. प्रोफेसरांना दुसरी लाल जोडी मोडून दिली, निम्म्यातच. दुकान बंद करताना तिप्पण्णाने निळीची घडी कागदात बांधून माझ्या हातात दिली.

घरी आलो. अक्काने पुडकं सोडून बघितलं. म्हणाली, आणि हिची दुसरी कुटं हाय? एवढी एकच कशी आणलास?

मी म्हणालो, मला एकच लागते.

हेमावती हे म्हणाली होती तेव्हा किती सोपं वाटलं होतं.