आजचा हिरवा ठिपका

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुझ्या हातात देऊन तुझा बाप समोरच्या खुर्चीत बसला असेल आणि फरशीकडे बघत असेल. बसू दे. वाचून होईपर्यंत त्याला काही विचारू नकोस. विचारलंस तरी त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. लहानपणी दाढ दुखतेय हे सांगायलासुद्धा त्याला गाल सुजावा लागायचा. म्हणून मी लिहायला बसलेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तुला ते लावता येतं. तू त्याच्यावर चिडणार, हे मला इथूनच दिसतंय. चिड, पण आधी माझं ऐकून घे. आज तू त्याला तोडून टाकलंस तर ते सांधायला मी काही जन्माला पुरणार नाही.

तुझी कंपनी लोकांच्या वेबसाइटींना सर्व्हरवर भाड्यानं जागा देते, एवढं मला मागच्या सुट्टीत तूच समजावलं होतंस. म्हणजे घरमालकच की, म्हटलं, फक्त नळाची कटकट नाही. तर म्हणालीस, आजी, नळ परवडला. मग तू त्या फुलवाल्याचं सांगितलंस. गिऱ्हाइकांना बघायला तुम्ही एक पान ठेवता, त्यावर दिवे असतात, हिरवा म्हणजे सगळं चालू, पिवळा म्हणजे रखडलंय, लाल म्हणजे बंद. ऐन गर्दीच्या दिवशी त्या माणसाच्या ऑर्डरी येईनाशा झाल्या. त्यानं तुमचं पान उघडलं, तर दिवा हिरवागार. म्हणजे बिघाड आपल्याच घरात, असं धरून त्यानं दुपारभर बायकोला फैलावर घेतलं, की तूच कॉम्प्युटरला हात लावलास. बंद पडला होता तुमचा सर्व्हर, सकाळपासून. दिवा लाल करायचा तर तुझ्या साहेबांची परवानगी लागायची, आणि साहेब म्हणत होते, होईल आत्ता, उगाच बोभाटा कशाला. संध्याकाळी फुलवाल्याचा फोन तू उचललास. तो म्हणाला, यंत्र आहे, बंद पडणारच, त्याचं काही नाही हो. पण तुमच्या हिरव्यापायी मी बायकोला नाही नाही ते बोललो, ते आता परत कोण घेणार?

तिथून तुझ्या डोक्यात ते फीचर शिरलं, की दिवा आपला आपण बदलला पाहिजे, कुणाला न विचारता. साहेब म्हणाले, गिऱ्हाइकांना नवीन काही चकचकीत हवं असतं, लाल दिवा कुणी मागितलाय? तू म्हणालीस, गिऱ्हाईक काय मागतं ते फोन उचलणाऱ्याला विचारा. वर्षभर भांडलीस. ते ऐकून मी आजोबांना म्हटलं, ही माझ्यावर गेलीय. ते म्हणाले, ते कळलं, म्हणूनच काळजी वाटते.

आणि त्यांनी बाजू कुणाची घ्यावी? साहेबांची! घेणारच. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसायची आणि हे दुकानात आलेल्याला सांगायचे, झालंच, फक्त इस्त्री राहिलीय. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला खरं सांगितलं की ते दारात ठाण मांडतं, धीर दिला की घरी जातं. तू म्हणालीस, आजोबा, तुमच्यासारख्यांमुळेच माझं तक्रारींचं खातं चालतं. ते इतके हसले की ठसका लागला. तो ठसका तू गेल्यावरही राहिला, आणि डॉक्टरांनी फुप्फुसात पाणी झाल्याचं सांगितलं, ते तुला ठाऊक आहे.

तेव्हा तू बापाला नियम घालून दिलास. रोज सकाळी मोबाइलवर एक ठिपका पाठवायचा. आजोबा जेवले, खिडकीपर्यंत चालले तर हिरवा. पडून असले तर पिवळा. लाल दिसला की तू निघणार. मला बरं वाटलं होतं. फोनवर कशी आहे तब्येत, बरी आहे, हे दळण दळण्यापेक्षा एक ठिपका बरा. पहिला पिवळा गेला आणि तू साहेबांसमोर चाललेली बैठक अर्धी टाकून धावत आलीस. आणि इथे काय, तर पोट बिघडलेलं. तू दारात, हे कढीभात खाऊन खिडकीत उभे. तू हसलीस, परत गेलीस, पण ह्यांना ते लागलं. तुझं ते दिव्यांचं काम दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं होतं ना त्या दोन दिवसांत? तू आम्हाला बोलली नाहीस, पण बापाशी बोलताना ह्यांनी ऐकलं. पोरगी माझ्या पोटापायी मागे पडली, हेच धरून बसले. दुसऱ्या दिवशी तुझ्या बापाला जवळ बोलावून सांगितलं, आता हिरवाच पाठवायचा.

त्यानंतरचे सगळे हिरवे खोटे होते, भिंगरे. हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही. खिडकी लांबच राहिली, उशीवरून मान उचलायलासुद्धा माझा हात लागायचा. ऑक्सिजनचं यंत्र पलंगाशी आणून ठेवलं होतं. तुझा फोन आला की तुझा बाप ते यंत्र दाराबाहेर सरकवायचा, घरघर ऐकू जाऊ नये म्हणून, आणि नळी लांब करायचा. तुला वाटायचं, आजोबा छान बोलतात. छान बोलायचेच. तुझ्या संध्याकाळच्या फोनसाठी दुपारपासून तोंड मिटून पडायचे, दम राखून ठेवायला. मी काही विचारलं तर बोटानं नको म्हणायचे. मग तुझ्याशी चार वाक्यं, त्यातलं एक चेष्टेचं, की साहेबांना सांग, इस्त्रीच राहिलीय. फोन ठेवला की घामाघूम. मी कपाळ पुसायची आणि त्यांना शिव्या द्यायची. त्यांना दोन्ही आवडायचं.

तुझ्या बापाला मी विचारलं होतं, तुझ्या लेकीनं ज्या साहेबाशी वर्षभर उभा दावा मांडला, तो साहेब आता तू झालास का? तर म्हणाला, आई, बाबांनी माझा हात धरून सांगितलंय, तिचं ते फीचर लोकांपुढे जाईपर्यंत तिला हलवू नकोस. धरलेला हात सोडवून घेणं ह्याला कधी जमलंय? आणि तू विचारशील, मग म्हातारे, तू का नाही फोन केलास? ह्यांनी मलाही विनवलं. सबंध संसारात ह्यांनी माझ्याकडे तोंडानं काही मागितलं नव्हतं, चहासुद्धा नाही, नुसतं स्वयंपाकघराकडे बघायचे. पहिल्यांदा मागितलं ते हे. मला पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. पण मी दिलं.

काल संध्याकाळी तू त्यांना सांगितलंस, आजोबा, उद्या दिवे आपले आपण बदलायला लागणार. त्यांनी विचारलं, साहेब काय म्हणतात? तू म्हणालीस, साहेब स्वतः आईस्क्रीम मागवणार आहेत. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ छताकडे बघत हसत होते. मला म्हणाले, जिंकली बघ. दम राखून ठेवायचं काम संपलं होतं, म्हणून की काय, मग बोलतच राहिले, कुठल्या कुठल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी, कुणाची बाही आखूड झाली, कोण भांडायला आलं. मी गप्प बसा म्हटलं नाही.

उजाडायच्या आधी ते गेले. कण्हले नाहीत, हाक नाही मारली. माझा हात त्यांच्या छातीवर होता आणि तो श्वासाबरोबर वर उचलला जाईना, तेव्हा मला कळलं. ठिपक्याची वेळ झाली तसा तुझा बाप पायथ्याशी बसला, मोबाइल घेऊन. मला वाटलं, आता तरी लाल जाईल. बराच वेळ अंगठा तसाच धरून होता. मग त्यानं हिरवा पाठवला. मी हात उगारला होता, खरं सांगते. तर म्हणाला, आई, ती बसमध्ये असेल, अनोळखी माणसांत उभी असेल, तिला हे ठिपक्यानं कळायला नको, मी जातो. आधीच्या सगळ्या हिरव्यांबद्दल तू त्याला काय वाटेल ते बोल, मी मध्ये पडणार नाही. आजच्या एका हिरव्याबद्दल मात्र मी त्याच्या बाजूनं आहे. आता ऊठ. आजोबांना तसंच ठेवलंय, तू आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असं मी सगळ्यांना बजावलंय. शेजाऱ्यांची गाडी खाली उभी आहे. येताना तुझा बाप सबंध रस्ता ड्रायव्हरशेजारी तोंड मिटून बसून आला असेल. परतताना त्याला मागे घे, तुझ्याजवळ.

तुझीच, दारात बसलेली,
आजी