मंगळवारचा मेणाचा शेक

अप्पा,

काल मी साडी नेसले. तुम्ही म्हणाल, हे काय सांगण्यासारखं झालं? पण गेलं दीड वर्ष मी घरात गाऊन आणि बाहेर पंजाबी ड्रेस घालून वावरत होते, कारण निऱ्या घालायला बोटं मिटत नव्हती. दोन निऱ्या धराव्यात, तिसरी घेईपर्यंत अंगठा सुटायचा आणि सगळं कापड पायाशी पडायचं. काल सकाळी कपाटातून निळी सुती साडी काढली, आणि हळूहळू सात निऱ्या आल्या. खोचल्याही नीट. आरशासमोर मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. मग मुलीला फोन लावला. ती बंगळूरला असते. "आई, मीटिंगमध्ये आहे, काही अर्जंट नाही ना?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही गं, सहजच." संध्याकाळी तिने आठवणीने फोन केला, पण तोवर साडीची घडी घालून झाली होती आणि सांगावंसं काही उरलं नव्हतं. तुमचे जावई जाऊन सहा वर्षं झाली. निऱ्या आल्या याचा आनंद कुणाला कळेल असा विचार करत बसले, आणि तुम्ही आठवलात. बोटांच्या दुखण्याची एवढी माहिती आपल्या घरात दुसऱ्या कुणाला होती?

सुरुवात झाली ती सकाळच्या आखडण्याने. उठल्यावर हात आपले वाटायचेच नाहीत. दुधाची पिशवी दातांनी फोडायची, गॅसचं बटण दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवायचं, दाराची कडी कोपराने ढकलायची. दहा-साडेदहाला बोटं जरा सैल व्हायची आणि मग मी दिवसाची कामं सुरू करायची. तिसऱ्या मजल्यावर मी एकटी राहते, त्यामुळे हे कुणाला दिसायचंही नाही. ज्याने जे सांगितलं ते सगळं केलं. तीळतेलात लसूण कढवून लावला, मेथ्या भिजवून खाल्ल्या, तांब्याचं कडं घातलं, टीव्हीवर दाखवतात तो मलम मागवला. तासभर बरं वाटायचं. आणि मनाशी एक वाक्य ठरलेलं होतं, की वय झालं की दुखतंच. हे वाक्य माझंच आहे, अप्पा. मी ते पहिल्यांदा तुम्हाला म्हणाले होते.

तहसील कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली तुमचं टेबल. त्यावर मराठी टाइपरायटर, बाजूला कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि त्यावर वजन म्हणून नदीतला गोटा. रेशनकार्डात नाव घालायचं असो, सातबाऱ्यावरची चूक असो की जातीचा दाखला, लोक तुमच्यासमोर उकिडवे बसून आपली हकिकत सांगतात आणि तुम्ही तिचा अर्ज करता. मी शाळा सुटल्यावर डबा न्यायला येते तेव्हा तुम्ही दहा बोटांनी टाइप करता. मी कॉलेजात जाते तेव्हा चार बोटांनी. आणि मला खोपोलीच्या कारखान्यात नोकरी लागते त्या वर्षी तुम्ही मुठीत पेन्सिल उलटी धरून, तिच्या रबराच्या टोकाने एकेक अक्षर दाबत असता. लोकांना ती तुमची तऱ्हा वाटायची. मलाही तसंच वाटावं अशी तुम्ही सोय करून ठेवली होती. विचारलं तर म्हणायचात, "अगं बाय, यानं चुका कमी होतात."

कशेळ्याच्या वरच्या वाडीतल्या एका ठाकर बाईचा अर्ज तुम्ही करून दिला होता. तिने तुमची बोटं पाहिली आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी निर्गुडीच्या पाल्याची जुडी आणून टेबलावर ठेवली. "पानी उकळायचं, पाला टाकायचा नि हात त्यात सोडायचं. रोज करायचं हां, कटाळायचं नाय," असं तिने तुम्हाला दटावून सांगितलं. तेव्हापासून सकाळी मोरीत तुमचं पातेलं वाफाळायचं. आई गेल्यापासून घरात आपण दोघंच, दोन खोल्या, त्यामुळे तो उग्र वास माझ्या ऑफिसच्या साड्यांनाही लागायचा. एकदा मी वैतागले. "अप्पा, माझ्या टेबलाजवळ आलं की लोक नाक मुरडतात. आणि याचा उपयोग तरी होतो का? वय झालं की दुखतंच." तुम्ही पन्नाशीचेही नव्हतात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पातेलं मागच्या अंगणात नेलंत, तीन विटा मांडून चूल केलीत. सकाळी खिडकीतून तुमची पाठ दिसायची. हात पाण्यात सोडून बसलेले असायचात. मी डबा भरून घाईने निघायचे.

आता मला बघायला आले तो दिवस. तो लिहिल्याशिवाय हे पत्र पुढे जायचं नाही. खालापूरहून पाच माणसं आली होती. पोहे झाले, मी चहाचा ट्रे आणला, आणि मुलाच्या काकांना तुम्ही मानाने स्वतः कप द्यायला उठलात. बशी हातातून निसटली. सगळा चहा काकांच्या पांढऱ्या पॅन्टवर. आणि मी, ज्या मुलीने त्या दिवशी मान खाली घालून बसायचं होतं, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "अप्पा, तुम्ही राहू द्या हो. साधा कप धरता येत नाही तुम्हाला." काका भले माणूस, हसून म्हणाले, "अहो, शुभशकुन झाला." लग्न तिथेच ठरलं. तुम्ही मात्र उरलेला वेळ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होतात. ते मी पाहिलं होतं. विसरलेही नाही. फक्त त्यावर कधी बोलले नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्या सासरी यायचात तेव्हा सासूबाई चहा विचारायच्या आणि तुम्ही हात जोडून म्हणायचात, "चहा सोडला मी." सणाला, बारशाला, जावयांच्या वाढदिवसाला, तेच. मी सासूबाईंना कौतुकाने सांगायचे की आमचे अप्पा फार नेमाचे आहेत. तुम्ही गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी तुमचं टेबल आणि टाइपरायटर आणायला कचेरीत गेले. शेजारच्या टपरीवाल्याने विचारलं, "ताई, तुमी त्यांची मुलगी ना? थांबा." आणि आतून त्याने एक स्टीलची वाटी आणून दिली. म्हणाला, "रोज दोन चहा घ्यायचे. टपरीच्या मागं बसून, या वाटीतून, दोन हातांनी धरून. कोनी आलं की वाटी खाली ठेवायचे. मी बोललो पन एकदा, समोर बसा की. तर बोलले, नको रं, मुलीला आवडत नाय." ती वाटी मी घरी आणली. मग घर बदलताना ती कुठे गेली ते मला माहीत नाही. शोधली होती असं खोटं लिहिणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर समोरच्या ब्लॉकमध्ये नवीन बिऱ्हाड आलं. सत्यनारायण होता, मला आग्रहाने बोलावलं. प्रसाद झाला, त्या घरची सून चहाचा कप घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. कपाचा कान इतका बारीक होता की माझं बोट त्यात जाणार नव्हतं. खाली नवा कोरा गालिचा. आणि मी हात जोडून म्हणाले, "चहा सोडला मी." अगदी तुमच्याच आवाजात. ती पोर "बरं काकू" म्हणून पुढे गेली. मी घरी आले, दार लावलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या रिकाम्या गाडीने खोपोलीला गेले आणि हाडांच्या डॉक्टरीण बाईंपुढे जाऊन दोन्ही हात टेबलावर ठेवले.

त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासायला दिलं, फोटो काढले. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "ही वयाची झीज नाही. आमवात आहे. आणखी दोन वर्षं घरी बसला असतात तर बोटं वाकडी झाली असती. घरात कुणाला होता का?" मी पटकन म्हणाले, "नाही." त्या लिहायला लागल्या. तेव्हा मला राहवेना. "हो. वडिलांना होता बहुतेक. पण त्यांना कधी कुणाला दाखवलं नाही." त्यांनी वर पाहिलं, त्यात दोष देणं नव्हतं. मीच विचारलं, तेव्हा काही औषध होतं का? त्या म्हणाल्या, "आतासारखं नाही, पण होतं. दुखणं बरंच कमी करता आलं असतं." आमच्या कारखान्यात दर बुधवारी डॉक्टर यायचे, अप्पा. घरच्या माणसांनाही तपासायचे. बायका आपल्या सासू-सासऱ्यांना आणायच्या आणि मी त्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहायचे. लग्नाआधीची चार वर्षं मी त्याच खुर्चीत बसत होते.

आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी आहे. ती लगेच लागू पडत नाही. पहिले दोन महिने मी रोज सकाळी मूठ वळून पाहायचे आणि रोज ती अर्धीच वळायची. मग सूज उतरली, तेव्हा डॉक्टरांनी मंगळवारी मेणाचा शेक घ्यायला सांगितला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक चौकोनी पेटी असते, तिच्यात मेण वितळलेलं असतं. हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, असं सहा-सात वेळा. हातावर जाड पांढरी साय धरते. त्यावर प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळून वीस मिनिटं बसायचं. ऊब हाडापर्यंत जाते. मेण सोलून काढलं की तिथली मुलगी माझा हात आपल्या हातात घेते आणि एकेक बोट हळूच वाकवते, सरळ करते. "काकू, सैल सोडा. तुम्ही नका मदत करू, मी करते," म्हणते. पहिल्या दिवशी ती असं म्हणाली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखलं का?" तिने विचारलं. मी हो म्हणाले.

माझ्यासारखीच मंगळवारी येणारी आणखी एक म्हातारी आहे, डोंगरातल्या वाडीवरची. बोटं माझ्यापेक्षा कितीतरी वाकलेली. जीप आणि गाडी बदलत एकटी येते. एका मंगळवारी आम्ही दोघी टॉवेल गुंडाळलेले हात मांडीवर ठेवून बसलो होतो, तेवढ्यात बाहेरून चहा आला. मी सवयीने म्हणाले, "मी चहा सोडलाय." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सोडला का सांडतो?" मला हसूच आलं. "सांडतो." "मंग सांड की! पुसायला फडकं हाय. आवं, दुखतं तर सांगावं. गप बसून कोन आपल्याला बक्षीस देनार?" हातांवरचे टॉवेल निघाल्यावर तिने कागदी कप दोन्ही तळव्यांत धरला आणि फुर्र करून प्यायली. मीही प्याले. थोडा ड्रेसवर सांडला. कुणी काही म्हणालं नाही.

आता बोटं पुष्कळ बरी आहेत. दुधाची पिशवी कात्रीने कापते, भाकरी नाही पण पोळी लाटते. पूर्ण बरं होणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, आणि पाऊसपाण्याचे दिवस जड जातात. तरी सकाळी उठल्यावर हात माझे असतात. कधी कधी वाटतं, तुम्हाला अशी एक तरी सकाळ मिळायला हवी होती. ती मी आणून देऊ शकले असते, हे मला आता ठाऊक आहे, आणि ते कुठल्या गोळीने कमी होणारं नाही. त्याबद्दल माफी मागायला हे पत्र लिहायला घेतलं खरं, पण लिहिता लिहिता वाटतंय की माफी मागितली तरी तुम्ही "असू दे गं बाय" एवढंच म्हणणार, आणि ते ऐकायची माझी तयारी नाही. हे कुठे पाठवायचं हा तर प्रश्नच नाही. घडी घालून साडीच्या कपाटात ठेवीन.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. महिन्यापूर्वी शेक देणाऱ्या त्या मुलीने मला सांगितलं, "काकू, आता इतक्या लांब यायची गरज नाही. मेण मिळतं बाजारात, घरी डबल भांड्यात वितळवून करा. बोटांचे व्यायाम तर तुम्हाला पाठच आहेत." तिने कागदावर सगळं लिहून दिलं. मी मेण आणलं. ते ओट्याखाली आहे, वेष्टणसुद्धा काढलेलं नाही. पुढच्या मंगळवारी मी तिला सांगितलं की घरी करून पाहिलं, पण मला मेली ती मेणाची गर्मीच समजत नाही, भाजायची भीती वाटते. तिला खरं वाटलं. "मग येत जा," म्हणाली. मी जाते, अप्पा. आठवड्यातून तेवढी दहा मिनिटं कुणीतरी माझा हात धरतं.