दिनेशच्या नावाचा पाट

मी, चंद्रभागा हिरामण खैरनार, वय एकाहत्तर, राहणार म्हसरूळ, दिंडोरी रोड, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. दाखवायला घरात दुसरे कोणी नाहीच.

१. माझे यजमान हिरामण खैरनार शाळेत सुतारकाम शिकवत. २००३ साली ते वारले. राहते घर त्यांनी बांधले, दारे-खिडक्या स्वतःच्या हाताने केल्या. माझी उंची बेताची, म्हणून गवंड्याशी भांडून स्वयंपाकाचा ओटा चार बोटे खाली घेतला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचे सगळे यांनीच केले. असा नवरा मिळाला, हे कायद्याच्या कागदावर लिहायला मला लाज वाटत नाही. हे घर आमचा एकुलता मुलगा दिनेश, राहणार बंगलोर, याला मिळावे. तो ते विकणार. विकू दे.

२. बँकेतली ठेव माझ्या दिवसकार्याला लावावी, उरेल ती दिनेशची. बोरमाळ सुनेला, तिला आवडत नसली तरी.

३. आमचा शिसवी पोळपाट नणंदबाई शकुबाई वास्तुशांतीच्या दिवशी "उद्या आणून देते, वहिनी" म्हणून घेऊन गेल्या. तो अजून येतोच आहे. तो त्यांनाच राहावा. माझ्या तेराव्याच्या पोळ्या मात्र त्यावर लाटू नयेत.

४. यजमानांचे रंधे, पटाशा, करवती त्यांचा विद्यार्थी वाल्मीक शेवाळे याला द्याव्यात. मुलगा दिंडोरीकडचा, माझी विचारपूस करणारा तोच. त्याला विचारले तर म्हणाला, "काकू, घेईन मी. पण खोटं कशाला बोलू, वापरणार नाय. आता समदं अ‍ॅल्युमिनियमचं काम हाय." खरे बोलला, म्हणून त्यालाच. हे मृत्युपत्र अमलातही त्यानेच आणावे.

५. माळ्यावरचे पाट. यजमानांच्या वर्गात प्रत्येक मुलगा आधी पाट करायला शिके, आणि पहिला पाट डुगडुगतोच. तो पहिला पाट यजमान स्वतःकडे ठेवून घेत. "दुसरा कर, तो आईला ने," म्हणत. दुसरे पाट आयांकडे गेले, डुगडुगते सगळे माझ्या घरात आले. त्यावरून मी त्यांना पुष्कळ बोलले आहे. १९९९ साली शाळेने सुतारकामाची खोली मोडून तिथे कॉम्प्युटर बसवले, आणि पाट यायचे थांबले. तेव्हा मला बरे वाटायला हवे होते, वाटले नाही. यजमान गेल्यावर मोठे झालेले विद्यार्थी भेटायला आले. पाटांमागे कोरलेली आपापली नावे शोधून हसले, आणि "काकू, घरी डायनिंग टेबल आहे," म्हणून पाट इथेच ठेवून गेले. ते आता बंबात घालावेत. कोणाच्या तरी आंघोळीचे पाणी तापेल.

६. यातून एक पाट वगळावा. दिनेश वडिलांच्याच वर्गात होता. त्याचाही पाट डुगडुगला. "मला नाही जमत, नाना," म्हणून त्याने दुसरा केलाच नाही. यजमान शेवटपर्यंत त्याच पाटावर बसून जेवले. मी पाटाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला की काढून टाकत. दोन हात रंधा फिरवला असता तर पाट नीट बसला असता. मी म्हणे, "अहो, करून टाका ना सरळ." ते म्हणत, "त्याचं काम आहे. येईल तेव्हा करील." दिनेश आला तो त्यांच्या दहाव्यालाच. रामकुंडावर पिंड ठेवले, संध्याकाळी परत गेला.

७. घराची किल्ली घेण्याआधी दिनेशने एकदा त्या पाटावर बसून वरणभात खावा आणि पाटाचा पाय सरळ करावा, अशी अट मी आधी लिहिली होती. फोनवर त्याला तसे सांगितले. "आई, अजून आहे तो पाट? टाकून दे ना. आणि कागद कुरिअरने पाठव, मी सही करून देतो." ती अट मी वकिलांकडून खोडून घेतली आहे. मला फार वाईट वाटले, एवढे इथे नमूद करते.

८. सबब तो पाट माझ्याबरोबर सरणावर ठेवावा. पाय सरळ करू नये. परंतु त्यामागे कोरलेले नाव वाल्मीकने आधी रंध्याने पार काढून टाकावे, एक अक्षरही राहू देऊ नये. माझा मुलगा जिवंत आहे. त्याचे नाव सरणावर जाता कामा नये.

स्थळ : नाशिक
दिनांक : ४ डिसेंबर २००७

(सही) चंद्रभागा हिरामण खैरनार

बाईंनी मजकूर स्वतः वाचून आमच्यादेखत सही केली :
१. पुंजाराम काळू आहेर, शेजारी (सही)
२. कुसाबाई फकिरा निकम, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)