रविराजच्या वर्कशॉपला न लागलेला पाइप

वारजे, रविवार

ती. ललितावहिनींस सीतारामचा सप्रेम जयभीम.

येरवड्यात सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत उत्तम आहे. नसती तरी तुमच्या चिरंजीवांनी उत्तमच म्हणून छापली असती. पत्र लिहायचं कारण, फोनवर तुम्ही "बरं भावोजी" म्हणता आणि फोन रविराजच्या हातात देता, आणि तो सध्या माझ्याशी बोलत नाही.

"भावोजींना दाखवल्याशिवाय एकही यंत्र घेऊ नकोस," असं तुम्हीच त्याला बजावलं होतंत. बिबवेवाडीत हौशी लोकांसाठी वर्कशॉप काढायचं, त्यांनी तासावर यंत्रं वापरून आपापले रोबो नि दिवे बनवायचे, ही कल्पना मलाही आवडली होती. टेलिफोन खात्यात जन्म काढलेला माणूस मी, तपासणी म्हणजे तपासणी. तारा डाखायचं सोल्डरिंग आयर्न पडद्यावर साडेतीनशे अंश दाखवायचं. टोक गार आणि मूठ तापलेली (उलटं धरून वापरता येईल, असा शेरा मी दिला). मल्टिमीटर कशालाही न टेकवता व्होल्ट दाखवायचा. थ्रीडी प्रिंटरला मिक्सरचं बटण छापायला सांगितलं, तर त्यानं दुपारभर राबून शेवया केल्या (आमची सून उत्कर्षा म्हणाली, रंग तरी बरा आहे). लेझर कटर मात्र खरंच चांगला; फक्त त्याला धूर बाहेर नेणारा पाइप नव्हता. तो खिडकीबाहेर काढल्याशिवाय कटर चालवू नये, असं मी स्पष्ट लिहून दिलं. रविराज वाचून म्हणाला, "काका, यात खूप निगेटिव्हिटी आहे. आणि पाइप लावला की काचेच्या भिंतीचा लुक जातो."

उद्घाटनाला गेलो तर दारातच माझा फोटो, खाली 'ज्येष्ठ अभियंत्यांनी तपासून पसंत केलेली यंत्रे', आणि कुणा उत्साही माणसानं वर झेंडूचा हार चढवलेला. खालच्या मजल्यावरच्या सोजरबाई फोटोसमोर हात जोडून उभ्या होत्या. मलाच विचारतात, "कधी गेले हो?" मी म्हटलं, "गेलो नाही, आत्ताच आलोय." त्यांनी एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चपला तिथेच टाकून जिना उतरल्या.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना बाजूला रविराजनं लेझर कटरवर त्यांच्याच नावाची पाटी कापायला घेतली. खिडक्या बंद, एसी चालू, धूर जाणार कुठे? पुढे उभी असलेली चैताली नावाची विद्यार्थिनी खोकून खोकून खाली बसली. मी दोनदा सांगितलं, बंद कर. रविराज म्हणाला, "पाटी अर्धीच झालीय." मी मेन स्विच ओढला. कटर थांबला, भाषणही थांबलं (त्याबद्दल काहींनी हळूच आभार मानले). पोरीला खिडकीशी नेऊन पाणी पाजलं. तुम्ही त्यानंतर आलात, म्हणून एवढं सांगितलं. पुढचं तुम्ही ऐकलंतच: "काका, तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. पुन्हा इथे येऊ नका." दादा गेल्यावर ज्याच्या सायकलमागे मी धावलो, तो हे बोलला, आणि तुम्ही दारात उभ्या राहून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागलात. सापडलं का?

असो. तुमच्याकडून माझी काही अपेक्षा नाही. गुडघ्याला जपा.

आपला दीर,
सीताराम

ता.क. पुढच्या आठवड्यात शाळेची मुलं वर्कशॉप बघायला येणार आहेत, असं चैतालीनं कळवलं. त्याआधी पाइप लागलाच पाहिजे. तुम्ही स्वतःचं म्हणून सांगा. माझं नाव निघालं तर तो मुद्दाम लावणार नाही.

पुन्हा ता.क. पाइप मी आणलाय. पंखा जोडून, खिडकीच्या मापानं कापून आमच्या दाराशी ठेवलाय. रिक्षा करून घेऊन जा आणि दुकानातून आणला म्हणा. पंख्याचं तोंड बाहेर ठेव म्हणावं. उलटा बसवला तर सगळा धूर त्याच्याच छातीत जाईल.