पेनल्टी लागल्या तर

बाबा,

मी आईकडे हॉस्पिटलात जातेय. जेवण झाकून ठेवलंय, तेवढं गरम करून घ्या.

आपल्या टीमची फुटबॉल कपची सेमीफायनल चारला आहे. आज हरलो की यंदाचा कप संपला. पेनल्टी लागल्या की तुम्ही नेहमीसारखे टीव्ही ऐकू येऊ नये म्हणून स्वयंपाकघरात नळ सोडून उभे राहणार, पण "झाला गोल, या बाहेर!" म्हणायला आई घरात नाही. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, फोन करा. इथल्या टीव्हीवर बघून मी सांगते. नळ तेवढा बंद ठेवा."

चार दिवसांत तुम्ही तिकडे फिरकला नाहीत.

उद्या दहाला तिचं ऑपरेशन आहे. नऊला तयार राहा. तुम्ही बाहेर बाकावर डोळे मिटून बसलात तरी चालेल. दार उघडलं की आधी मी बघेन आणि तुम्हाला हाक मारेन.

— धाकटी