तळघरातला पापड

सौभाग्यवती वेणूस, पुण्याहून धोंडोचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. वाईस आपल्या सोनीचा खोकला उतरला का? रात्री झोपते का?

ज्याच्या ओलीपायी तुम्हां दोघींना माहेरी धाडले, त्या आपल्या तळघराला गवंडी गूळ-हिरडा घालून मळलेल्या चुन्याचा गिलावा देत होता. महिन्यामागे काम संपवून म्हणाला, "चुना वाळला की ओल येणार नाही." मी म्हटले, "ते पापड सांगेल."

तू करून ठेवलेल्यातला एक पापड रोज भाजून रात्रभर खाली ठेवी. सकाळी सादळलेला निघे, मुकाट्याने खाई. आजचा मोडताच कडकन वाजला. रिकाम्या घरात केवढा तो आवाज!

पत्र तुझे बंधू वाचून दाखवतील, तेव्हा बहुत काय लिहू? पापड संपले आहेत. आता दोघी या.