उसार्काकची वाट

१७ फेब्रुवारी
पोहोचले एकदाची आपालुकला. हेलिकॉप्टरमधून उतरले तर अख्खी वस्ती बर्फात उभी, आणि माणसांच्या चौपट कुत्री. मला वाटलं, टपाल न्यायला आले असतील. पण ते माझ्यासाठी आले होते. एक ठेंगणी म्हातारी पुढं झाली, माझ्या गालाला नाक लावून तिनं मला हुंगलं आणि म्हणाली, "आलास का? किती वर्षं लावलीस रे. चल, कॉफी निवतेय."

ही तुकुमेक. तिचा नवरा उसार्काक शिकारी होता. मी जन्मायच्या आधीच्या हिवाळ्यात, शिकारीहून परतताना, खाडीच्या तोंडाशी बर्फ फुटलं आणि तो घसरगाडीसकट खाली गेला. काहीच सापडलं नाही. माझी आई याच वस्तीतली. वसंतात राजधानीत, नूकला, मी झाले आणि आईनं मला त्याचं नाव दिलं. गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की माणूस परत येतो, मग बाळ मुलगी का असेना. नूकमध्ये हे सगळे हसून सांगतात. इथंही हसतात, पण चहाच्या वेळी खुर्ची मात्र खरोखर रिकामी करून देतात.

तुकुमेकचा मुलगा रास्मुस बत्तीस वर्षांचा, दाढीवाला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानं माझी बॅग उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, केवढा जड झालायस." सगळे खो खो हसले, मीसुद्धा. शरदात आई गेल्यापासून माझी कुणी अशी थट्टा केली नव्हती.

२२ फेब्रुवारी
शाळेची जुनी खोली मला कामासाठी दिली आहे. उपग्रहाच्या रडारची चित्रं येतात, ती वाचायची, समुद्रावरच्या बर्फाचा नकाशा काढायचा आणि दुकानाच्या दारावर लावायचा. शिकारी तो बघून निघतात. कुठल्या जहाजातून तेल गळलेलं दिसलं तर तेही नूकच्या कार्यालयाला कळवायचं. रडारला रंग कळत नाही, फक्त खडबडीत आणि गुळगुळीत कळतं. खडबडीत बर्फ पांढरं उमटतं. कोवळं पातळ बर्फ, निवांत पाणी आणि तेलाचा तवंग, तिन्ही काळी. या तीन काळ्यांतला फरक ओळखायचा मला पगार मिळतो. त्यात मी तरबेज आहे, उगाच नम्रपणा कशाला.

राहते तुकुमेककडेच. पहिल्या दिवशी कामावरून आले आणि दार वाजवलं तर तिनं फटकारलं. म्हणाली, "दार काय वाजवतोस? परका आहेस का?" इथं कुणीच दार वाजवत नाही, सरळ आत येतात. तिनं उसार्काकचा निळा मग मला दिला, खिडकीजवळची खुर्चीही. देवमाशाची कातडी मला कधी घशाखाली गेली नव्हती. काल सगळे बघत होते म्हणून खाल्ली. आज मागून घेतली. रास्मुस डोळे मिचकावत म्हणाला, बाबाला आवडायचीच.

मी इथं सुखी आहे. असं लिहायला भीती वाटते, पण आहे.

४ मार्च
आजच्या चित्रात खाडीच्या तोंडाशी, जिथं बर्फ संपून समुद्र सुरू होतो, तिथून एक काळी रेघ आत आली आहे. बारीक, नीट. मी संशयित तेल म्हणून कळवलं. कार्यालयाचं उत्तर आलं की त्या पाण्यात शरदापासून जहाज फिरकलेलं नाही, तेव्हा भेग पडून पुन्हा गोठली असेल. रास्मुस आणि दोघे जण कुत्री जुंपून बघून आले. लोखंडी टोकाच्या काठीनं जागोजागी ठोकलं. हातभर जाडीचं, पांढरं, कोरडं बर्फ. रास्मुस म्हणाला, "बाबा, तुझ्या उपग्रहाला चष्मा कर."

११ मार्च
रेघ वाढली आहे. मोठ्या हिमनगाला वळसा घालते, बेटाच्या आडोशाला येऊन थोडी फुगते आणि पुन्हा निघते. भेग अशी जात नाही. तेलही असं जात नाही.

तुकुमेक माझं जेवण घेऊन आली होती. तिला चित्र दाखवलं, म्हटलं, इथल्या प्रवाहांची माहिती असेल. तिनं रेघेवर बोट ठेवलं आणि रेघ संपल्यावरही बोट थांबलं नाही. भूशिरापर्यंत, तिथून वळून आमच्या घराखालच्या किनाऱ्यापर्यंत. ही त्याची घरी यायची वाट, म्हणाली. बेटाच्या आडोशाला तो चहा करायचा.

मग माझ्याकडे वळली. "नाव घेऊन तू तर इथं आलास," ती म्हणाली. "मग हे कोण येतंय?"

कॉफी करताना ती रडली. मीही रडले. ती नवऱ्यासाठी रडत होती. मी कुणासाठी, ते कळलं नाही.

१९ मार्च
म्हातारे शिकारी भूशिराच्या पलीकडे जाईनासे झाले आहेत. कारण विचारलं तर हवेवर बोलतात. रास्मुसचे मासे धरायचे गळ तिकडेच लागलेत आणि कुत्री उपाशी आहेत. कार्यालयानं कळवलं की तुमच्याच माणसांनी जाऊन पाहिलं तर बर्फ पक्कं आहे, तेव्हा रेघ नकाशातून काढा.

संध्याकाळी रास्मुस आला. माझ्या खुर्चीशी जमिनीवर बसला, थट्टा न करता म्हणाला, "बाबा, जाऊ का?"

नकाशा काढणाऱ्या बाईला कुणी असं विचारत नाही. बाप गेला तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. बापाला विचारून कुठं जावं, हे त्याच्या वाट्याला आलंच नाही. आणि मला कुणी असं विचारावं, हे माझ्याही नाही. फार बरं वाटलं. खरं तर बरं वाटलं म्हणूनच हो म्हटलं. जा म्हटलं. रेघ पुसून नवा नकाशा दारावर लावला.

दारातून बाहेर पडताना तो शिट्टी वाजवत होता.

२१ मार्च
नवं चित्र. रेघ भूशिराशी आली होती, तिथून माघारी वळली आहे. सरळ रास्मुसच्या गळांकडे.
त्याचा रेडिओ लागत नाही.

२३ मार्च
कुत्री परत आली. गाडी नाही, तो नाही. पट्ट्यांचे दोर ओले होते. तुटलेले नाहीत, कापलेले नाहीत. सोडलेले. गाठी नीट सोडलेल्या.

सगळी वस्ती शोधून आली. बर्फ पक्कं. त्याच्या गळांची भोकं सोडली तर एक भोकसुद्धा नाही.

तुकुमेक मला रागे भरली नाही. रागे भरली असती तर बरं झालं असतं. फक्त डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, तुला काय ठाऊक असणार, पोरी.

पोरी म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

२७ मार्च
दोन रेघा. शेजारी शेजारी. भूशिराच्या अलीकडे.

कार्यालयाला कळवलं नाही. काय कळवू? तेल नाही, पाणी नाही, कोवळं बर्फ नाही. चौथं काळं मला कुणी शिकवलं नाही.

२९ मार्च
तुकुमेकनं टेबलावर दोन मग काढून ठेवले. एक रास्मुसचा. दुसरा, निळा, माझ्या हातातून घेतला.

म्हटलं, उद्याच्या हेलिकॉप्टरनं आपण दोघी जाऊ. ती म्हणाली, आणि ते आले तर घरात कुणी नको का?

मी जाणार नाही. तिला एकटीला टाकून कशी जाऊ? तिचा मुलगा मी घालवला.

३१ मार्च
रेघा किनाऱ्याला टेकल्या. जमिनीवर काय आहे ते या चित्रांत कळत नाही.

कुत्री गप्प आहेत. एकही भुंकत नाही.

२ एप्रिल
भर दुपार. ऊन पडलंय.

दार वाजतंय.

इथं कुणी दार वाजवत नाही. तुकुमेक कुजबुजली, माझा रास्मुस दार वाजवणार नाही. मग ती इतकी का रडतेय—

थांबलं.

पुन्हा. हळू. थंडीनं बोटं आखडलेल्या माणसासारखं.

आता आवाज. "बाबा."

त्याचाच. मला तसं दुसरं कुणी म्हणत नाही. त्याच्या शेजारी खरा बाबा उभा असता तर त्यानं मला कशाला हाक मारली असती? की शेजारी जे उभं आहे त्याला नाव नाही म्हणून— नाव माझ्याकडे आहे म्हणून—

"बाबा, येऊ का?"

तसंच विचारतोय. जमिनीवर बसून विचारलं होतं तसंच. तेव्हा मी जा म्हटलं. आता कसं नको म्हणू? 'ये', एक शब्द तर—

तुकुमेकनं माझं तोंड दाबून धरलंय.

पुन्हा विचारतोय. "बाबा, येऊ का?"

आई आहे ती त्याची. तिचा हात सैल होतोय— तिनं काढला हात— माझ्याकडे बघतेय— मी